ग्रंथामागील माणूस : बाबा पदमनजी आणि ‘यमुनापर्यटन’

इ. स. १८५७ च्या जानेवारी महिन्यात पॅरिस शहरी एका कादंबरीवर खटला चालला. कादंबरीचे नाव ‘मादाम बोव्हारी’ आणि तिचा कर्ता गुस्ताव्ह फ्लोबेर. एका लहानशा गावातील वैद्याच्या पत्नीचा संसार आणि त्या संसाराचा झालेला नाश तीत वर्णिलेला आहे. या वर्णनाने लोकांच्या नीतीस व धर्मास बाध येतो, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. फेब्रुवारीच्या ७ तारखेस न्यायाधीशांनी लेखकास दोषमुक्त केले आणि वसंत ऋतूत ते पुस्तक दुकानांतून विकू लागले. आज ते फ्रेंच भाषेतील श्रेष्ठ ग्रंथांत गणले जाते. त्याविषयी लिहिणारा प्रत्येक टीकाकार प्रथम लेखकाच्या गावी जातो. रूआँ शहर, तेथील मोठे रुग्णालय, त्यात मुख्य शस्त्रवैद्य असलेला बाप आणि रुग्णालयाच्याच आवारातील बिऱ्हाड, हे सारे तो आधी दाखवितो. रोग्यांचे कण्हणे ऐकत वाढलेल्या मुलाने पुढे माणसाचे मन शस्त्रवैद्याच्या धीराने का उकलले, हे मग वाचकास उमगते.

फ्रेंच लोक आपल्या ग्रंथकारांची अशी विचारपूस करतात, याचे कौतुक वाटते. आपण मात्र आपल्या दारातील माणसांची चौकशी क्वचितच करतो. ज्या वर्षी पॅरिसमध्ये तो खटला चालला, त्याच वर्षी मराठीत एक पुस्तक प्रसिद्ध झाले. तेही एका स्त्रीच्या संसाराविषयी होते आणि त्या संसाराच्या नाशाविषयीही. त्याचे पूर्ण नाव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. मराठीतील पहिली कादंबरी हा मान आज बहुतेक अभ्यासक त्यास देतात. त्याचा लेखक अवघा २६ वर्षांचा होता, आणि तो आपल्या बेळगावचा होता.

बाबा पदमनजी यांचा जन्म मे १८३१ मध्ये बेळगावी झाला. घराण्याचे आडनाव मुळे, जात त्वष्टा कासार. वडील इंग्रज सरकारच्या बांधकामाच्या खात्यात नोकरीस होते, म्हणजे पिढीजात धंदा सुटून घरात सरकारी पगार येऊ लागला होता. बेळगाव तेव्हा कसे होते, याची थोडी कल्पना करावी लागेल. किल्ला १८१८ साली इंग्रजांच्या हाती गेला होता आणि त्याच्या आसऱ्याने लष्कराची छावणी वसली होती. बेळगावचा स्वतंत्र जिल्हा व्हायला अजून पाच वर्षे होती. तो १८३६ साली धारवाडातून वेगळा झाला. आपले शहापूर बेळगावास लागून असले तरी ते होते सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात, म्हणजे विणकर-सोनारांच्या या पेठेतून बेळगावात जाणारा मनुष्य एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात शिरत असे. बाजारात मराठी व कानडी, छावणीत हिंदुस्थानी, कचेरीत इंग्रजी, आणि घाटाखालून आलेल्या लोकांच्या घरी कोकणी. अशा गावी वाढणाऱ्या मुलाला एकच रीत साऱ्या जगाची रीत आहे असे वाटणे कठीणच. आमच्या मते ‘यमुनापर्यटना’तील पर्यटनाचे बीज येथेच पडले असावे.

आणखी एक गोष्ट येथे आठवते. बाबांच्या जन्मापूर्वी दोनच वर्षे, १८२९ साली, याच मुलखात बैलहोंगलच्या बंदिवासात कित्तूरची राणी चन्नम्मा मरण पावली होती. पतीच्या मागे राज्य सांभाळणारी, दत्तक नाकारला म्हणून १८२४ साली इंग्रजांशी लढणारी ती विधवाच होती. कर्तृत्वाला वैधव्य आड येत नाही, हे बेळगावच्या मुलुखाला दाखला देऊन सांगण्याची गरज नव्हती. तरीही घरोघरच्या विधवेच्या नशिबी जे होते ते होतेच.

बाबांचे इंग्रजी शिक्षण बेळगावातील लंडन मिशनच्या शाळेत सुरू झाले आणि पुढे ते मुंबईस गेले. त्या काळी बेळगावास आगगाडी नव्हती. मुंबईस जाणारे पुष्कळ लोक घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरावर जात आणि तेथून गलबतात किंवा आगबोटीत बसत. मुंबईत बाबा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये व नंतर फ्री चर्च मिशनच्या शाळेत शिकले. बायबलचा अभ्यास, हिंदू शास्त्रांची चिकित्सा, नव्या सुधारकांची व्याख्याने, नियतकालिकांतील वाद, या सर्वांचा त्यांच्या मनावर एकाच वेळी मारा होत होता. १८५२ साली, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी स्त्रियांच्या विद्याभ्यासावर एक निबंध लिहून प्रसिद्ध केला. अजून ते ख्रिस्ती झाले नव्हते. स्त्रियांचा कैवार त्यांनी धर्मांतरानंतर घेतला असे जे समजतात, त्यांनी हे साल ध्यानात ठेवावे.

याच सुमारास ते परमहंस सभेत जात असत. या सभेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण ‘यमुनापर्यटन’ समजण्याची एक किल्ली तिच्यापाशी आहे. १८४९ साली दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर प्रभृतींनी मुंबईत ही सभा स्थापिली. जातिभेद मानू नये, देव एक आहे, मूर्तिपूजा करू नये, विधवांचे विवाह व्हावेत, अशी तिची मते होती. सभासद एकत्र बसून, जातीबाहेरच्या माणसाच्या हातचा पाव खात; तो खाणे हीच जणू दीक्षा. परंतु हे सारे दार लावून चाले! सभा संपली की प्रत्येक जण घरी जाऊन आपापल्या पंक्तीत बसे. पुरेसे लोक जमेपर्यंत गुप्तता राखावी, असा त्यांचा विचार होता. पुढे १८६० साली सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली आणि नावे बाहेर फुटणार या भीतीने सभाच मोडली. हे लोक भ्याड होते असे म्हणणे सोपे आहे. त्यांपैकी पुष्कळांनी पुढे मोठी कामे केली. पण मनात एक आणि अंगणात दुसरे, असे जगताना माणसाचे काय होते, ते बाबांनी त्या बंद दाराच्या आत बसून पाहिले होते.

उघड बोलण्याची किंमत काय पडते, हेही त्यांना ठाऊक होते. फ्री चर्चच्या शाळेत शिकविणारे नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घराण्यातील. १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. तेव्हा बापाने न्यायालयात दाद मागितली, आणि मुलगा अल्पवयीन म्हणून न्यायालयाने तो बापाच्या स्वाधीन केला. त्यानंतर या पोराला जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबई-पुण्याचे ब्राह्मण दुभंगले. त्याला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, आणि त्यापायी स्वतः लोकांच्या रोषास पात्र झाले. एका मुलाने ख्रिस्ती माणसाच्या घरचे अन्न खाल्ले, एवढ्यावरून हे सारे घडले. तेव्हा बाबांनी काही वर्षे आपला विश्वास मनातच ठेवला असेल तर त्यात नवल ते काय?

अखेर ३ सप्टेंबर १८५४ या दिवशी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जेथे कोणी ओळखत नाही अशा मुंबईच्या गर्दीत नव्हे, तर बेळगावात, आपल्या माणसांच्या डोळ्यांदेखत. वय २३ वर्षांचे. बाबा प्रॉटेस्टंट मंडळीत गेले. आपला व त्यांचा पंथ निराळा, आणि त्यांच्या काही ग्रंथांतील पंथविषयक मते आपणास मान्य होण्यासारखी नाहीत. परंतु एका मुलाने आपल्या आईबापांसमोर उभे राहून ही गोष्ट करावी याला किती बळ लागले असेल, हे समजायला पंथ आड येत नाही.

आता विधवांच्या प्रश्नाकडे वळू. १८५६ च्या जुलैत, बंगालच्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनी चालविलेल्या खटपटीस यश येऊन, हिंदू विधवांचा पुनर्विवाह कायदेशीर ठरविणारा त्या वर्षीचा पंधरावा कायदा मंजूर झाला. ‘यमुनापर्यटन’ त्याच्या पाठोपाठच्या वर्षी निघाले, म्हणजे तो कायदा अजून ताजाच होता. पण कायद्याने काय दिले आणि काय घेतले ते पाहावे. पुनर्विवाहाची वाट मोकळी झाली, त्या विवाहाची संतती औरस ठरली. मात्र पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या इस्टेटीवरील स्त्रीचा हक्क संपत असे. आणि रूढीला तर कायद्याने बोटही लावले नाही. शेतकरी व कष्टकरी जातींत ‘पाट’ किंवा ‘मोहतूर’ लावण्याची रीत पूर्वीपासून होती, कानडी मुलखात तिला ‘उडकी’ म्हणत. त्या जातींना या कायद्याची गरजच नव्हती. गरज होती ती ब्राह्मणांना, आणि ब्राह्मणांचे पाहून आपणही वरचे दिसावे म्हणून पाट बंद करणाऱ्या इतर जातींना. प्रतिष्ठा वाढवायची तर आधी घरातील विधवेचे डोके भादरावे, हा त्या काळचा व्यवहार! नऊ-दहा वर्षांच्या पोरी, ज्यांनी नवऱ्याचे तोंड धड पाहिलेले नाही, त्यांना मोठे झाल्यावर न्हाव्यापुढे बसवीत. मग लाल आलवण, एक वेळचे जेवण, घरातील सगळे कष्ट, आणि शुभकार्यात तोंड न दाखविणे. हे मरेपर्यंत चालायचे.

हीच ‘यमुनापर्यटना’ची सामग्री. यमुना ही शिकलेली मुलगी, तिचा पती विनायकराव हा सुशिक्षित व दयाळू तरुण. दोघांच्याही मनात ख्रिस्ती धर्माविषयी श्रद्धा उपजलेली आहे, पण ती घरातल्या घरात. ही दोघे प्रवासाला निघतात, आणि त्या प्रवासात जागोजाग त्यांना विधवा भेटतात. कोणी ब्राह्मणाची, कोणी इतर जातीची; कोणी सासरच्या छळाने गांजलेली, कोणी फसविली गेलेली. प्रत्येकीची हकिकत निराळी. पंढरपुरासारख्या क्षेत्रीही हेच दर्शन घडते, कारण घरी जागा नसलेल्या स्त्रिया अशा ठिकाणी फार. पुढे, उघड दीक्षा घेण्याचे लांबणीवर पडत असतानाच, विनायकरावास अकाली मरण गाठते. आतापर्यंत जी दुसऱ्यांच्या कहाण्या ऐकून डोळे पुशीत होती, ती यमुना स्वतःच विधवा होते, आणि तिच्या केशवपनाचा विषय निघतो. शेवटी ती बाप्तिस्मा घेते आणि पुनर्विवाह करून नवा संसार मांडते.

एवढ्या थोडक्या सांगण्यावरून एखाद्यास हे प्रचाराचे पुस्तक वाटेल, आणि ते तसे आहेही. मिशनच्या प्रेरणेने निघालेल्या पुस्तकाकडून दुसरी काय अपेक्षा करावी? पात्रे कित्येकदा एकमेकांशी बोलत नाहीत, वाद घालतात. आणि वादात कोण जिंकणार हे पहिल्या वाक्यालाच कळते. हिंदू धर्मातील जे चांगले ते दाखविण्याची लेखकास फारशी इच्छा दिसत नाही. हे दोष झाकण्यात अर्थ नाही. पण विधवा जेव्हा आपल्या तोंडाने बोलू लागतात तेव्हा हाच लेखक गप्प बसून ऐकतो, आणि तेथे पुस्तकाचे रूप पालटते. भाषा शास्त्र्यांची राहत नाही. ती माजघरातली, चुलीपुढची, दबक्या आवाजातली मराठी होते. १८५७ पर्यंत मराठी गद्यात व्याकरणे झाली होती, इतिहास झाले होते, भाषांतरे झाली होती. परंतु माजघरातील बाई छापील कागदावर इतका वेळ बोलली नव्हती.

पुस्तकाच्या नावातील ‘निरूपण’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. तो हरिदासांचा शब्द. कीर्तनकार निरूपण करतो आणि ते पटावे म्हणून मध्ये आख्यान लावतो. बाबांनी धर्म बदलला तरी लहानपणी ऐकलेल्या कीर्तन-पुराणांची घडण त्यांच्या लेखणीने सोडली नाही, असे आम्हांस वाटते. इंग्रजी गोष्टींचे वळण त्यांनी मिशनच्या शाळेत उचलले असेल. पण थोडे निरूपण, मग एक हकिकत, पुन्हा निरूपण, ही चाल आपल्याकडच्या देवळाच्या सभामंडपातली आहे. यमुनेच्या प्रवासाला तीर्थयात्रेचे रूप आहे. फरक एवढाच, की या यात्रेत दर्शन देवांचे होत नाही. दुःखी माणसांचे होते.

लेखकाच्या आयुष्याकडे मी इतका वेळ का पाहिले ते आता सांगतो. या पुस्तकात विधवांच्या दुःखाइतकाच दुसराही एक धागा आहे, आणि टीकाकारांनी त्याकडे कमी लक्ष दिले आहे. तो म्हणजे मनातील श्रद्धा लपवून जगणाऱ्या दांपत्याचा. विनायकराव वाईट माणूस नाही; उलट फार चांगला आहे. परंतु आज नको, उद्या पाहू, घरचे दुखावतील, वेळ येऊ द्या, असे तो करीत राहतो. परमहंस सभेच्या खोलीत असे किती तरी विनायकराव बाबांच्या शेजारी पाव खात बसले असतील, आणि १८५४ पर्यंत बाबा स्वतःही तेच होते. या लपविण्याची किंमत कोण भरते? पुरुष मरून सुटतो. मागे उरलेल्या बाईने काय करावे? पतीने जे उघड केले नाही, त्याचा आधार तिला सासरच्या माणसांपुढे घेता येत नाही. ती त्यांच्या दृष्टीने फक्त एक विधवा असते, आणि विधवेसाठी वस्तरा तयार असतो. सभ्य, दयाळू नवऱ्याच्या चालढकलीचा हिशेब बायकोच्या अंगावर चुकता होतो, हे मराठीत प्रथम सांगणारा ग्रंथ हाच. बाबांनी हे दुसऱ्याकडून ऐकून लिहिले नाही. स्वतःच्या चालढकलीच्या वर्षांतून ते उमगले असल्याखेरीज असे लिहिता येत नाही, असे माझे मत आहे.

‘अरुणोदय’ या नावाने त्यांनी पुढे १८८८ साली आपले आत्मवृत्त प्रसिद्ध केले. मराठीतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी ते एक. बेळगावचे बालपण, घरातील देवधर्म, शाळा, मनातील खळबळ हे सर्व त्यात आले आहे. दोनच वर्षांनी जे. मरे मिचेल या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्याचे इंग्रजी रूपांतर निघाले. पण ‘अरुणोदय’ लिहिताना बाबा साठीकडे झुकले होते. साऱ्या गोष्टी निवळल्या होत्या. ‘यमुनापर्यटन’ बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी लिहिले. जखम ओली होती.

त्यांचे पुढचे आयुष्य ग्रंथकर्तृत्वात गेले. पुण्यास त्यांनी शिक्षकाचे व काही वर्षे पाळकाचे काम केले. नंतर लेखन हाच व्यवसाय धरला. ‘शब्दरत्नावली’ १८६० साली, मोल्सवर्थच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप १८६३ साली, नव्या कराराची टीका, नियतकालिकांचे संपादन, आणि लहानमोठी मिळून शंभराच्या वर पुस्तके. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे जनक असे त्यांस म्हणतात. २९ ऑगस्ट १९०६ रोजी मुंबईत ते निवर्तले.

त्यांच्या कादंबरीचे पुढे काय झाले? बराच काळ वाङ्मयाच्या इतिहासकारांनी ती मिशनऱ्यांचे पुस्तक म्हणून बाजूस ठेवली आणि पहिलेपणाचा मान लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या १८६१ सालच्या ‘मुक्तामाले’कडे दिला. विसाव्या शतकाच्या मध्यास कुसुमावती देशपांडे यांनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा घेतला, तेव्हा ‘यमुनापर्यटना’ची दखल योग्य आदराने घेतली गेली, आणि २०२० साली दीप्रा दांडेकर यांचा बाबांवरील इंग्रजी ग्रंथ निघाला. पण खरी दखल त्याआधीच एका कादंबरीकाराने घेतली होती की काय, अशी शंका येते. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली. तिची नायिका बोलते स्वतःच्या तोंडाने. तिला वैधव्य येते, तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरतो. आणि तिचे नाव यमुनाच आहे! आपट्यांनी ते नाव जाणून ठेवले की सहज, हे सांगता येणार नाही. यमुना हे घरोघरचे नाव होते. परंतु बाबांच्या यमुनेला सुटकेची वाट सापडली आणि आपट्यांच्या यमुनेला सापडली नाही, हा भेद दोन्ही पुस्तके वाचणारास चटका लावून जातो.

बेळगावकरांनी आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगावी. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘मोचनगड’ १८७१ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त येऊ लागली, तिचे कर्ते रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे आपल्याच जिल्ह्यातील जांबोटीचे. पहिली सामाजिक कादंबरी बेळगावच्या माणसाची आणि पहिली ऐतिहासिकही. हे दोन्ही सन्मान पुण्या-मुंबईला मिळाले असते तर त्यांचे पुतळे चौकात उभे राहिले असते!

आणि घाटाखाली, गोव्यात, आपल्या कॅथलिक समाजातील एका पुरुषाने थोड्याच वर्षांनी हेच केले. फ्रान्सिस्कु लुईश गोमिश हे नावेलीचे, जन्म १८२९. पेशाने डॉक्टर, अर्थशास्त्राचे अभ्यासक, लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी. त्यांनी १८६६ साली ‘ओश ब्रामानिश’ म्हणजे ‘ब्राह्मण’ ही पोर्तुगीज कादंबरी लिहिली. तिला पार्श्वभूमी १८५७ च्या उठावाची आहे. जातीचा गर्व बाळगणारा ब्राह्मण आणि कातडीचा गर्व बाळगणारा गोरा, या दोघांनाही त्यांनी एकाच नावाच्या पंक्तीला बसविले. फ्रेंच भाषेवर त्यांचे एवढे प्रभुत्व होते, की फ्रेंच कवी लामार्तीन यांस त्यांनी हिंदुस्थानासाठी स्वातंत्र्य व प्रकाश मागणारे पत्र लिहिले. १८६९ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मायदेशी परतताना त्यांना समुद्रातच मरण आले. त्यांच्याविषयी कधी तरी सवडीने लिहिण्याचा विचार आहे.

बाबांचे पुस्तक निघाले ते १८५७ साल केवळ वाङ्मयाचे नव्हते. त्या पावसाळ्यात बेळगावच्या छावणीतही धरपकड झाली, आणि पुढच्या वर्षी, १८५८ च्या जूनमध्ये, नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे यांस बेळगावी फाशी देण्यात आले. अशा धामधुमीत विधवांच्या केसांविषयीचे पुस्तक कोण वाचणार? तरीही विषय मेला नाही. १८६३ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडले. १८६५ साली विष्णुशास्त्री पंडितांनी पुनर्विवाहासाठी मंडळी स्थापिली. १८७५ साली खुद्द पंढरपुरात टाकलेल्या मुलांसाठी आश्रम निघाला, म्हणजे यमुनेने त्या क्षेत्रात जे पाहिले त्यात अतिशयोक्ती नव्हती. १८८९ साली पंडिता रमाबाईंचे शारदासदन, १८९६ साली कर्व्यांचा आश्रम. ही सर्व नावे आपण शाळेत पाठ करतो. त्यांच्या आधीचे बेळगावच्या कासाराच्या मुलाचे नाव त्या यादीत क्वचित येते.

वाचकहो, हा प्रश्न दुसऱ्यांच्या घरचा असे मात्र समजू नये. विधवेने पुन्हा लग्न करण्यास ती मोकळी आहे, हे संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्पष्ट सांगितले आहे आणि पवित्र सभेने ते कधी नाकारले नाही. तरी आपल्या काही घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी रोस लावण्याची वेळ आली म्हणजे विधवा मावशी किंवा आत्या आपण होऊन मागे सरते. तिला कोणी मागे हो म्हणत नाही. पण कोणी पुढे ये असेही म्हणत नाही. तिनेच ज्या भाचीला अंगाखांद्यावर वाढविले, तिच्या केसांना नारळाचे दूध लावायला दुसरीच कोणी बाई पुढे होते. हे आपल्यात कोठून आले? शास्त्रातून तर नव्हे. शेजाऱ्याची रूढी धर्मापेक्षा लवकर अंगवळणी पडते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत एक ठराव केला. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या चाली गावातून बंद कराव्यात, असा तो ठराव. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे सुचविले. हेरवाड आपल्या निपाणी भागापासून दूर नाही. ‘यमुनापर्यटन’ आणि हा ठराव यांत १६५ वर्षांचे अंतर आहे.

ज्यांस हे पुस्तक ग्रंथालयात मिळेल त्यांनी आधी ‘अरुणोदय’ वाचावे, मग ‘यमुनापर्यटन’ हाती घ्यावे. दोन्ही जुन्या वळणाच्या मराठीत आहेत. पहिली काही पाने अडखळायला होईल, नंतर सवय होते. वादविवादाची पाने कंटाळवाणी वाटल्यास खुशाल उलटावीत. विधवांच्या हकिकती मात्र मोठ्याने वाचाव्यात, आणि घरात कोणी वृद्ध स्त्री असेल तर तिच्याजवळ बसून वाचाव्यात. तिला त्यात भर घालण्यासारखे पुष्कळ आठवेल.